हिवाळ्यातील मुंबई आणि समकालीन कलेची दालने

न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपण त्यांना आवर्जून ‘मोमा’मध्ये नेतो, लंडनला आले की टेट मॉडर्नमध्ये. तिकिटाच्या रांगेत उभे राहतो, न कळलेल्या चित्रासमोरही आदराने थांबतो. तेच आपण डिसेंबरात मुंबईत उतरलो की लग्नकार्ये, बँकेची राहिलेली कामे, दंतवैद्य आणि पुणे-कोल्हापूरच्या फेऱ्या यांत तीन आठवडे सरतात. काळा घोडा परिसरातून टॅक्सी जाते, जहांगीर कलादालनाचा लांब छज्जा दिसतो आणि मागे पडतो. वास्तविक नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मुंबईतील प्रदर्शनांचा मुख्य हंगाम. म्हणजे आपण नेमके योग्य वेळी तेथे असतो, आणि बहुतेक दालनांत प्रवेश विनामूल्य असतो. अडते ते एवढ्यावरच, की ही दालने चालतात कशी आणि तेथे प्रेक्षकाने वागावे कसे, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

आधुनिक आणि समकालीन

प्रथम एक शब्दभेद. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ची आणि त्या पिढीची चित्रे आज ‘आधुनिक’ या सदरात मोडतात. ‘समकालीन’ हा शब्द प्रामुख्याने हयात कलावंतांच्या कामासाठी वापरला जातो. भारतात साधारणतः १९९० नंतर या कलेने चौकट ओलांडली आणि व्हिडिओ, ध्वनी, छायाचित्रे व मांडणशिल्पे दालनात आली. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शन संपताच ती पुसली गेली. विकत घेता येणार नाही आणि जपूनही ठेवता येणार नाही, अशी ती कलाकृती होती. ‘यात चित्र कुठे आहे?’ हा प्रश्न अशा वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला लाजण्याचे कारण नाही. पुष्कळदा कलावंतालाही प्रेक्षकाकडून तोच प्रश्न हवा असतो.

तीन प्रकारची दालने

मुंबईत प्रदर्शने भरवणाऱ्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. प्रत्येकीचे अर्थकारण वेगळे आहे, म्हणून तेथे दिसणारी कलाही वेगळी आहे.

पहिला प्रकार सार्वजनिक संग्रहालयांचा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ पासून सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत आहे. अर्धवर्तुळाकार मजले चढत आपण वरच्या घुमटापर्यंत पोहोचतो. एखाद्या कलावंताची आयुष्यभराची वाटचाल पाहण्यास ही जागा फार अनुकूल आहे. २०१९ मध्ये येथे दोन मराठी चित्रकारांची सिंहावलोकनी प्रदर्शने झाली. एक ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाचे लेखक, प्रभाकर बरवे यांचे. दुसरे सुधीर पटवर्धन यांचे. ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत त्यांनी लोकलगाड्या, इराणी हॉटेले आणि गिरणगाव कॅनव्हासवर आणले. नोकरी सांभाळून मनातले दुसरे काम जपणाऱ्या परदेशस्थ मराठी माणसाला पटवर्धनांची चित्रे विशेष जवळची वाटतील. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि भारतीय व परदेशी नागरिकांसाठी तिकिटाचे दर वेगळे आहेत. ओसीआय कार्डधारकांना संग्रहालयांच्या प्रवेशशुल्कात भारतीय नागरिकांच्या बरोबरीने वागवावे, असे केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेत म्हटले आहे. तेव्हा कार्ड खिशात असू द्यावे.

समोरच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचे दालन २०११ पासून आहे. स्वातंत्र्योत्तर चित्रकलेची तोंडओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात येथून करावी. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे तर शहरातील सर्वांत जुने. २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा उघडले आणि त्याने समकालीन कलावंतांना जुन्या काचकपाटांच्या मध्ये आपले काम मांडण्यास बोलावले. सुदर्शन शेट्टी आणि जितीश कल्लाट यांची अशी प्रदर्शने अनुक्रमे २०१० व २०११ मध्ये झाली. एकोणिसाव्या शतकातील मातीच्या बाहुल्या आणि आजचे मांडणशिल्प एकाच छताखाली पाहताना शहराचा दीडशे वर्षांचा प्रवास सलग दिसू लागतो. हे संग्रहालय बुधवारी बंद असते.

दुसरा प्रकार भाड्याने मिळणाऱ्या दालनांचा. १९५२ मध्ये सुरू झालेले जहांगीर हे त्यांतील अग्रणी. येथे निवड समिती अर्ज तपासते, निवड झाल्यावर कित्येक वर्षे थांबावे लागते, आणि पाळी आली की कलावंत भाडे भरून साधारण एका आठवड्यासाठी दालन घेतो. प्रदर्शन मंगळवारी उघडते आणि सोमवारी उतरते. कोल्हापूर, सांगली, नाशिक किंवा नागपूरकडचा चित्रकार आपली चित्रे वाहून आणतो, मुंबईत राहण्याची सोय पाहतो आणि सात दिवस दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहतो. समोर अभिप्रायाची वही असते. दर्जा कमी-अधिक असतो, हे मान्य करावेच लागेल. एका दालनात गुळगुळीत गणपती आणि शेजारच्या दालनात मन हलवून टाकणारे निसर्गचित्र, असेही घडते. परंतु चित्रकाराशी मराठीत, मध्यस्थाविना, निवांत बोलता येईल अशी जागा जगातल्या मोठ्या कलानगरींत सहजासहजी सापडत नाही. बाहेर पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. तेथेही पाच मिनिटे द्यावीत.

तिसरा प्रकार खासगी व्यावसायिक दालनांचा, आणि आपण बिचकतो ते यांनाच. केमोल्डचे उदाहरण घेऊ. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर हे दालन सुरू केले. २००७ मध्ये ते फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर गेले. पत्ता जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा आहे, खाली मोठी पाटी नाही. कुलाब्यातील झवेरी कंटेम्पररी आणि प्रोजेक्ट ८८ यांचीही तऱ्हा काहीशी अशीच. बंद दार, घंटेचे बटण आणि आत पांढऱ्याशुभ्र भिंतींमध्ये संगणकासमोर बसलेली एखादी तरुण व्यक्ती. दार लावलेले असते ते वातानुकूलनासाठी आणि सुरक्षेसाठी. घंटा वाजवावी, आत जावे, वही असल्यास नाव लिहावे. खरेदीचा प्रश्न कुणी विचारत नाही. ही दालने कलावंताकडून भाडे घेत नाहीत. ती त्याचे काम लोकांपुढे आणतात आणि विक्रीतून वाटा घेतात. त्यामुळे विकायला अवघड असे कामही ती काही वेळा हिमतीने मांडतात. प्रदर्शन साधारण महिना-दीड महिना चालते. रविवारी मात्र बहुतेकांना सुट्टी असते.

कधी आणि कसे जावे

हंगामाचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. २०२३ पासून नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा कलाविक्रीचा मेळा भरतो. जानेवारीत ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ असतो; २०१२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात शहरातील दालने आपली महत्त्वाची प्रदर्शने एकाच सुमारास उघडतात. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, परंतु तेथील गर्दीत चित्रे शांतपणे पाहणे कठीण. सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असेल, तर मंगळवार ते शनिवारमधील एखादी दुपार राखून ठेवावी.

मेट्रोने हुतात्मा चौकात उतरावे, प्रेस्कॉट रोडपासून सुरुवात करावी, जहांगीरमार्गे रीगलच्या चौकात यावे, राष्ट्रीय संग्रहालय पाहावे आणि उजेड असेपर्यंत कुलाब्याकडे वळावे. हे अंतर पायी सहज कापता येते. एका दिवसात चार जागांहून अधिक पाहू नयेत. निघण्यापूर्वी प्रत्येक दालनाच्या संकेतस्थळावर तारखा तपासाव्यात, कारण दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यात दालने बंद असतात.

दालनात शिरल्यावर भिंतीवरील निवेदन आधी वाचू नये. ते बहुधा जड इंग्रजीत असते आणि आपला आत्मविश्वास घालवते. आधी कामाभोवती एक फेरी मारावी, मग निवेदन, मग पुन्हा काम. मुले बरोबर असतील तर त्यांना ‘हे कशाचे बनवले असेल?’ एवढेच विचारावे.

चित्र घेऊन परतायचे असेल तर

किंमत विचारण्यात संकोच नको. किमतींची यादी मागितली की मिळते. लाल ठिपका असेल तर ते काम विकले गेले आहे असे समजावे. पावती आणि कलावंताच्या सहीचे प्रमाणपत्र जरूर घ्यावे, म्हणजे आपल्या देशातील सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे अडचण येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रविवर्मा, अमृता शेर-गिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी राय, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी या नऊ जणांच्या कृतींनाही तीच बंदी आहे. हयात चित्रकाराच्या कामाला हा अडसर नाही. कॅनव्हास गुंडाळून नळकांड्यातून नेता येतो.

नागपुरात जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये २०१४ साली भरले, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. त्यांच्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३ कोटींहून अधिक किंमत आली होती. त्याचा लाभ अर्थातच त्यांना झाला नाही. आज जहांगीरमध्ये खुर्चीवर बसलेल्यांपैकी कोण पुढे जाईल, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि आपण ते ओळखावे अशी अपेक्षाही नाही. पण सात दिवसांसाठी त्याने भिंत घेतली आहे, आणि त्या सात दिवसांत तिच्यासमोर कुणीतरी थांबायला हवे. या हिवाळ्यातील एक दुपार आपण त्यासाठी काढू शकतो. निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी मराठीत लिहाव्यात, आणि नावाखाली आपण कोणत्या गावाहून आलो तेही.