तळ नसलेला घुमट

समुद्राची पातळी वाढली तर किनाऱ्यावरच्या अणुकचऱ्याचं काय, असं विचारलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंत ओलांडून येणाऱ्या लाटा उभ्या राहतात. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती खालून येणाऱ्या पाण्याची. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांचं उदाहरण घेऊ.

तिथल्या एनिवेटॉक या कंकणाकृती प्रवाळद्वीपावर अमेरिकेनं १९४८ ते १९५८ या काळात ४३ अणुस्फोट केले. रहिवाशांना त्याआधीच, १९४७ मध्ये, दुसरीकडे हलवलं होतं. पुढे त्यांना परत आणायचं ठरलं, तेव्हा साफसफाई करणं भाग पडलं. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकी सैनिकांनी दूषित माती खरवडून सिमेंटमध्ये कालवली आणि रुनिट बेटावर एका स्फोटानं पडलेल्या खड्ड्यात भरली. वर सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट. तिथले लोक त्याला थडगं म्हणतात.

झाकण घातलं खरं, पण खड्ड्याच्या तळाला अस्तर घातलंच नाही. प्रवाळाचा खडक सच्छिद्र असतो. कोकणात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं ना, तसंच घुमटाखालचं भूजल रोज हलतं. समुद्र जसजसा चढेल तसतसं हे पाणीही वर सरकणार, आणि आत भरलेला अधिकाधिक कचरा भिजत राहणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून २०१८ पर्यंत जगातली समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली, आणि हा वेग वाढतोच आहे. मार्शल बेटं समुद्रापासून जेमतेम दोन मीटर उंच.

घुमटावरच्या भेगांची छायाचित्रं आपण पाहतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०२० मध्ये संसदेला अहवाल दिला, की घुमट लगेच कोसळण्याचा धोका नाही. ते मान्य करायला हरकत नाही. त्या खात्याचं आणखी एक म्हणणं असं, की बेटांमधल्या उथळ समुद्राच्या तळाशी घुमटातल्यापेक्षा जास्त प्लुटोनियम आधीच पडलेलं आहे. त्यामुळे गळती झाली तरी फारसा फरक पडणार नाही. हा दिलासा मला तरी विचित्र वाटतो. त्याच पाण्यात लोक मासेमारी करतात.

आणि काळाचा हिशेब बघा. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. म्हणजे प्लुटोनियम निम्मं व्हायच्या आत समुद्र इतका सरकू शकतो. मग किनारा आज आहे तिथेच राहील, असं कुणी कशाच्या भरवशावर धरायचं?

२०१२ पासून अमेरिकी कायद्यानुसार घुमटाची निदान चार वर्षांतून एकदा पाहणी होते. घुमटाची जबाबदारी मार्शल बेटांच्या सरकारची, असं अमेरिका म्हणते. तिथलं सरकार म्हणतं, कचरा आम्ही केलेला नाही.