जहाजावरचं कॉलेज: अठरा महिने समुद्रात शिकायचं म्हणजे नेमकं काय?

हा आपल्या एपिसोडचा लिहून काढलेला भाग. ज्यांना लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

रायगडच्या किनाऱ्यावर "तो बोटीवर आहे" हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उरण, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही विचारा, चार घरांमागे एक जण बोटीवर असतोच. पण बारावीनंतर बोटीवर *शिकायला* जातात म्हणजे काय करतात, हे घरच्यांनाही नीट माहीत नसतं. मी लोणेऱ्याला बीटेक केलं आणि आता कोड लिहितो. माझ्या मामेभावाने डेक कॅडेट व्हायचं ठरवलं, तेव्हा सगळे फॉर्म मीच भरले, कारण "दादाला कॉम्प्युटर येतो." त्यातून जे कळलं ते हे.

आधी थोडा इतिहास. शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं जहाजावर होती, पण खलाशी म्हणून. अधिकारी बहुतेक गोरे. १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात 'डफरिन' नावाचं जुनं सरकारी जहाज नांगरून त्यावर भारतीय मुलांना अधिकारी होण्याचं शिक्षण सुरू झालं. मुलं जहाजावरच राहायची आणि शिकायची. पण शिकून बाहेर पडल्यावर ब्रिटिश कंपन्या त्यांना घ्यायला तयार नसत, आणि आधार असायचा तो सिंधियासारख्या भारतीय कंपन्यांचा. प्रशिक्षण आहे पण पुढे जहाज मिळत नाही, ही अडचण लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे. १९७२ मध्ये डफरिनच्या जागी 'राजेंद्र' आलं आणि १९९३ मध्ये 'चाणक्य'. चाणक्य नावाला ट्रेनिंग शिप, प्रत्यक्षात नवी मुंबईत करावेला जमिनीवरचं कॉलेज. आपल्या न्हाव्याचं 'रहमान' तर १९१० पासूनचं.

आता आजची पद्धत. डीएनएस म्हणजे डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स. प्रवेश आयएमयूच्या सीईटीने. एक वर्ष कॉलेज, मग १८ महिने समुद्रात, चालत्या मालवाहू जहाजावर. त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा. तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स केलीत तर समुद्रकाळ १२ महिन्यांचा. कॉलेजचं वर्ष म्हणजे स्टेजिंग सर्व्हर आणि जहाज म्हणजे थेट प्रॉडक्शन. रोलबॅक नाही.

जहाजावर वर्ग नसतो. एक जाडजूड रेकॉर्ड बुक असतं. त्यातलं प्रत्येक काम, म्हणजे लाइफबोट उतरवणं, दोर बांधणं, टाकीतली पातळी मोजणं, नकाशावर जागा टिपणं, करून दाखवायचं आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. शिवाय असाइनमेंट्स. पहारा चार तास, मग आठ तासांनी पुन्हा चार. चार ते आठचा पहारा बहुधा चीफ ऑफिसरचा, आणि कॅडेटला त्याच्यासोबत लावलं तर नशीब समजा, कारण पहाटेचा अंधुक प्रकाश ही सेक्स्टंटने तारे मोजायची वेळ. जीपीएस असताना हे कशाला? मीही विचारलं. भाऊ म्हणाला, "दादा, स्क्रीन चुकतेय हे कळायला दुसरं काहीतरी यायला नको का?" दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याची उंची मोजून अक्षांश काढतात. मोजणीत एक मिनिटाचा कोन चुकला की जहाजाची जागा एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर चुकते. माझ्या कुठल्याच बगची किंमत इतकी स्वच्छ मोजता आलेली नाही.

सगळ्यात अवघड काय, तर रात्रीचे दिवे ओळखणं. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. ट्रॉलिंग करणाऱ्या बोटीवर वर हिरवा, खाली पांढरा. दुसऱ्या जाळ्याने मासेमारी करणाऱ्यावर वर लाल, खाली पांढरा. नियम सांगतो की मासेमारी चालू असलेल्या बोटीला मोठ्या जहाजाने वाट द्यायची, पण अरुंद चॅनलमध्ये मात्र मच्छीमारांनी जहाजाची वाट अडवायची नाही. हे पुस्तकात. आपल्या किनाऱ्यावर बोटींना रंगीबेरंगी, लुकलुकणारे एलईडी लावलेले असतात आणि ब्रिजवरच्या पोराला कळतच नाही की हे नाखवा आहेत की नवरात्र. थळ-नवगावच्या घरातला मुलगा ब्रिजवर उभा असेल तर खांदेरीचा दिवा त्याला पाठ असतो, पण या वेळी तो दिवा उलट्या बाजूने दिसतो, आणि मधल्या अंधारात कदाचित काकाचीच बोट असते.

परदेश दिसतो का? कंटेनर जहाज बंदरात काही तासच थांबतं. सिंगापूर म्हणजे क्रेन आणि कुंपण. बल्क कॅरियर जास्त थांबतं. विश्रांतीचा नियम आहे, २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७. बंदरातल्या दिवसांत तो पाळला जातोय का, यावर कॅडेटने लक्ष ठेवावं आणि नोंद खरी करावी.

आता जहाज मिळण्याची अडचण. कॉलेज पास होऊन जहाजाची वाट बघत बसलेली मुलं आजही भरपूर आहेत. म्हणून प्रवेशाआधीच कंपनीची स्पॉन्सरशिप मिळवायचा प्रयत्न करा. ती नसेल तर कॉलेजला विचारा, गेल्या बॅचचे किती जण चढले आणि किती दिवसांनी. उत्तर टाळलं तर उत्तर मिळालं.

या वाट बघण्याच्या काळात एजंट येतो. आमच्याकडेही आला. मामाची जमीन विकायची बोलणी सुरू झाली होती. मी फक्त आरपीएसएल नंबर मागितला. कॅडेटला जहाजावर पाठवायला हा परवाना लागतो आणि त्याची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर बघता येते. गडी परत फोनवर आला नाही. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेणं नियमाने बंद आहे. पासपोर्ट, सीडीसी, मेडिकल एवढाच खर्च आपला. परवाना नसलेल्याकडून चढलात तर १८ महिने राबूनही तो काळ मोजला न जाण्याची भीती. ते पैसे बुडण्यापेक्षा वाईट.

आणि एक, फी भरायच्या *आधी* डीजीने मान्य केलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासा. लाल-हिरवा ओळखता आला नाही तर डेकचा रस्ता तिथेच बंद. हे वर्षभराची फी भरल्यावर कळलेली घरं मला माहीत आहेत.

भाऊ परवा फुजैराला उतरून दुसऱ्या जहाजावर चढला. अकरा महिने झालेत, सात बाकी. तो सुट्टीवर आला की त्यालाच माइकसमोर बसवतो, प्रश्न पाठवून ठेवा.