लशींची पंचवार्षिक योजना

जयपूर शहराच्या दक्षिण भागात मालवीय नगर ही वसाहत आहे. तेथील एखाद्या सहा आठवड्यांच्या बालकास परिचारिका आज लस टोचते, तेव्हा त्या कुपीचा विचार बालकाच्या जन्मापूर्वीच झालेला असतो. लस आयत्या वेळी बाजारातून आणता येत नाही. ती तयार होऊन तपासली जाण्यास पुष्कळ महिने लागतात, आणि कारखान्याची क्षमता वाढवावयाची तर काही वर्षे. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. जी अद्याप जन्मलेली नाहीत त्यांचीच गणना योजनाकारास प्रथम करावी लागते.

आपल्या देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. पण त्याचा लाभ मुख्यत्वे शहरांपुरता राहिला. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम हाती घेताना सारा देश एकदम कवेत घेण्याचा मोह टाळला गेला. प्रथम थोडे जिल्हे, मग दरवर्षी आणखी काही, असे करीत १९९० पर्यंत सर्व जिल्हे त्यात आले.

आता हिशेब कसा करतात ते पाहू. समजा, एका केंद्रात क्षयाची बी. सी. जी. लस शंभर बालकांना द्यावयाची आहे. मग शंभर मात्रा पुरतील काय? पुरणार नाहीत. कुपी दहा मात्रांची असते आणि उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. एरवी ती टाकून द्यावयाची. त्या दिवशी तीनच बालके आली, तर सात मात्रा वाया जातात. निम्मी लस अशी वाया जाईल असे धरले, तर शंभर बालकांसाठी दोनशे मात्रा हव्यात. त्यावर चौथा हिस्सा राखीव ठेवला की अडीचशे. ही उधळपट्टी नव्हे. गोवराच्या लशीची कुपी वाचविण्यासाठी एकट्या आलेल्या बालकास परत पाठविले, तर ते पुन्हा येईलच असे नाही. आणि गोवर कोणाची वाट पाहत थांबत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात, आणि जयपुरात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. मात्र उष्णतेइतकीच गोठण्याचीही भीती असते. घटसर्प व धनुर्वाताच्या लशी गोठल्या की निकामी होतात. राजस्थानात २०१७ साली रोटाव्हायरसची, तर २०१८ पासून काही जिल्ह्यांत न्यूमोकॉकसची लस देण्यास आरंभ झाला. अशा प्रत्येक नव्या लशीसाठी शीतपेट्यांत जागा आधीच करून ठेवावी लागते, नाही तर जुन्या लशी बाहेर राहावयाच्या. पैशाचेही तसेच आहे. न्यूमोकॉकसच्या लशीस प्रारंभी ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे साहाय्य होते. असे साहाय्य मुदतीचे असते. ते संपल्यावर खर्च कोण उचलणार, हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवणारी योजना ती खरी योजना, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तरीही अंदाज चुकतात. पोलिओची तीन प्रकारच्या विषाणूंवरील तोंडी लस भारताने २५ एप्रिल २०१६ रोजी एकाच दिवशी बंद करून दोन प्रकारांवरील लस सुरू केली. दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण राहावे म्हणून टोचण्याची लस द्यावयाची होती. पण जगभर तिचा तुटवडा पडला. तेव्हा अर्ध्या मिलिलिटरऐवजी त्याचा पाचवा भाग त्वचेच्या आत टोचावा, आणि तसे दोनदा करावे, असा मार्ग काढण्यात आला. दोन्ही मिळून मूळ मात्रेचा दोनपंचमांश भागच खर्ची पडू लागला. बी. सी. जी. अशीच त्वचेत टोचली जात असल्याने परिचारिकांना ही रीत अगदीच अपरिचित नव्हती. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यानंतरची तिसरी मात्रा तीत मिळविण्यात आली, आणि प्रत्येक केंद्राचे कोष्टक पुन्हा नव्याने मांडावे लागले.