स्वॅबचं बिल कुणाच्या नावावर?

एप्रिल 2021च्या पहिल्या आठवड्यात कोरोनाची साथ रोखण्यासाठी महाराष्ट्र सरकारचा ‘ब्रेक द चेन’चा आदेश निघाला आणि कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांपासून इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंत नवी अट आली. लस न घेतलेल्या कामगाराजवळ 10 एप्रिलपासून आरटीपीसीआर निगेटिव्ह असल्याचा दाखला हवा, आणि तो चालणार 15 दिवस.

सर्वसामान्यांपैकी लस तेव्हा 45 वर्षांवरच्यांनाच खुली होती. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची पाळी 1 मेपासून आली. तोवर भट्टीपाशी राबणाऱ्या तिशीतल्या कामगाराला लस मागूनही मिळत नव्हती.

सरकारी केंद्रात चाचणी फुकट होती, पण रांगेत दिवस गेला की खाडा. खासगी लॅबमध्ये जाऊन स्वॅब द्यायचा तर राज्याने ठरवलेला कमाल दर होता 500 रुपये. महिन्याला दोन चाचण्या धरल्या तर माणशी हजार, शंभर कामगारांच्या कारखान्याला लाखभर.

मग विमा कशासाठी? आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च उचलतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना मे 2020मध्ये राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, तिचा हप्ता तेव्हा सरकारच भरत होतं. पण तिचा भरही रुग्णालयातल्या उपचारांवर. धडधाकट माणसाने कामावर जाण्यासाठी केलेली चाचणी कुठल्याच रकान्यात बसेना. अमेरिकेतही हीच अडचण आली: मार्च 2020च्या कायद्याने विमा कंपन्यांवर चाचणीचा खर्च टाकला, पण कामावर परतणाऱ्यांची सरसकट तपासणी त्यात धरलेली नाही, असा खुलासा जूनमध्ये सरकारनेच केला.

वाट आपल्याकडे आधीच निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2020 रोजी खासगी लॅबनाही चाचणी मोफत करायला सांगितलं. पाच दिवसांनी ती सवलत आयुष्मान भारतचे लाभार्थी आणि सरकार ठरवेल त्या दुर्बल घटकांपुरती ठेवली, आणि लॅबचे पैसे सरकारने भरून द्यावेत, असा मार्ग आखला.

हाच नियम कारखान्याच्या गेटवर लागायला हवा होता. ती चाचणी कामगाराच्या उपचारासाठी नव्हतीच. त्याची पाळी, त्याची चाळ, त्याचं गाव सुरक्षित राहावं म्हणून सरकारने ती सक्तीची केली होती. सार्वजनिक कामाचा खर्च रोजंदारीतून वसूल होणं अन्यायाचं आहे. पुढच्या साथीत फुले योजनेत चाचणीचा दर घालता येईल आणि विमा कंपनीला सरकार परतफेड करू शकेल. पण तो दर आणि परतफेडीची मुदत सक्तीच्या आदेशातच छापलेली हवी.