पोस्टग्रेसचा कारभार

१९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित सिद्धान्तावर उभी असलेली आणि १९८६ साली बर्कली विद्यापीठात जिची उभारणी सुरू झाली, ती पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली संगणकावर बसविणे घटकाभराचे काम आहे. खरी कसोटी लागते ती पुढील कारभारात. संगणकाच्या सर्वाधिकारी 'रूट' खात्यातून चालण्यास ही प्रणाली साफ नकार देते, आणि तो नकार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो, कारण दप्तराच्या रखवालदाराकडे साऱ्या वाड्याच्या किल्ल्या असू नयेत. प्रत्येक फेरफार मूळ तक्त्यांत उतरण्यापूर्वी रोजनाम्यात नोंदला जातो, म्हणून वीज अकस्मात गेली तरी कायम झालेला व्यवहार बुडत नाही. परंतु डिस्कच निकामी झाली तर रोजनामाही तिच्याबरोबर जातो. यास्तव 'पीजी-डंप' या साधनाने काढलेली नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, आणि ती पुन्हा भरून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.