जमेल तसं, जमेल तेवढं – लेखांक ७ : पिठातला ‘ग’

‘मला नाही जमणार’ हे वाक्य तोंडात कुठून येऊन बसतं, ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आज ते सुटतं कसं, ते पाहायचं आहे. सोनपेठला माझ्या शेजारी राहणाऱ्या मावशींचं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

मावशी पासष्टी ओलांडलेल्या. कापूस वेचायला त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात, पण त्या बोटं अशी घालतात की कापूस तेवढा हातात येतो, पाचोळ्याचा कण येत नाही. तोच हात बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर आला की थरथरायचा. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढताना स्लिप मी भरायची आणि खाली त्यांचा निळा अंगठा. सही शिका म्हटलं की म्हणायच्या, “गवऱ्या मसणात गेल्या बाई माझ्या, आता कुठं शिकू?”

मी एके दिवशी दुरेघी वही आणि पेन घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. त्यांचं पूर्ण नाव लिहून दिलं आणि म्हटलं, गिरवा. त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. पुढचे आठ दिवस मावशी माझ्याकडे फिरकल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत शिकवूनही मला कळलं नव्हतं की ती पायरी त्यांच्या पायासाठी फार उंच होती.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने हीच पायरीची गोष्ट प्रयोगांतून दाखवून दिली. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सापाला विलक्षण भिणारी माणसं गोळा केली. सापाचं भय आम्हा उसाकापसाच्या मुलखातल्यांना समजावून सांगायला नको. त्या माणसांना कुणी ‘धीर धरा’ असं भाषण दिलं नाही. आधी काचेआडून दुसऱ्याला साप हाताळताना पाहायचं, मग त्याच खोलीत यायचं, मग हातमोजा घालून बोट लावायचं, मग उघड्या हाताने. नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा असं स्वतः करत गेलेल्यांची भीती जास्त उतरली. पुढे १९७७ च्या लेखात बांडुराने मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहण्यातून, आपल्यासारख्याला करताना पाहण्यातून, दुसऱ्याने दिलेल्या धीरातून आणि त्या वेळी छातीत किती धडधडतंय यावरून. चारांत सगळ्यात पक्की पहिली. कौतुकाचा धीर पहिल्या ठेचेलाच गळून पडतो.

म्हणूनच ‘आधी आत्मविश्वास आणा, मग कामाला लागा’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याने तो कुठल्या बाजारातून आणायचा? हात आधी चालतो, विश्वास त्याच्या मागून येतो. मात्र पायरी अगदीच सपाट असूनही चालत नाही. आयतं यश मिळत गेलं तर पहिल्या अडचणीलाच माणूस खचतो, हेही बांडुराने सांगून ठेवलंय. पायरी आजच्यापेक्षा थोडीशीच वर हवी, आणि किती वर ते चढणाऱ्याने ठरवावं.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. चूक कुणाला दिसायला मागे उरतच नाही. नव्या माणसाला लाजेपासून वाचवणारी इतकी साधी युक्ती दुसरी नसेल. तीच धरून मी पुन्हा मावशींकडे गेले, तेव्हा त्या परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, “मावशी, या पिठात एक वळण काढा, नुसतं रांगोळीतलं.” काढलं. “आता शेजारी एक दांडी.” काढली. “वर आडवी रेघ.” पिठात ‘ग’ उमटला, त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच पुसला आणि पुन्हा काढला. सहा वेळा.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली, तिची आठवण मला त्या दिवशी झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरचं काम आवरल्यावरची. शिकवायला गावातलीच सून. तिथे जमलेल्या सगळ्याच जणी पहिल्यांदा पाटी धरणाऱ्या. शेजारी बसलेली आपल्यासारखीच सुरकुतलेल्या हाताची बाई ‘अ’ काढताना दिसते, तेव्हा वयाची सबब आपोआप लटकी पडते. बांडुराची दुसरी वाट ती हीच. त्या शाळेची वाहवा सगळ्यांनी केली, पण मला तिच्यातली ही बारीक आखणी जास्त मोलाची वाटते.

परातीतून मावशी पाटीवर आल्या, पाटीवरून वहीवर. पेन अजून दाबून धरतात, पण कागद फाटत नाही. दिवाळीनंतर त्यांनी स्लिपवर पहिल्यांदा सही केली. रक्कम अक्षरी लिहायची ओळ तेवढी माझ्याकडे राहिली होती.

गेल्या महिन्यात त्या स्लिप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बाई, या खेपेला पाचशेच काढते.”

“का मावशी? जास्तीची गरज नाही का?”

“पाचशे मला लिहिता येतंय. हजारातला ‘ह’ अजून वाकडा जातो.”




आणि पेन त्यांनी माझ्या हातात न देता स्वतःकडेच ठेवलं.