एका चिलखतामागे किती माणसं?

वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या विश्वात स्पेस मरीनांचा एक चॅप्टर हजार योद्ध्यांचा असतो. शंभर-शंभरांच्या दहा कंपन्या, आणि एवढ्या बळावर हे लोक अख्खे ग्रह जिंकतात. १९८७ साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने हा खेळ आणला, तो रचला रिक प्रिस्टली यांनी. मूळ खेळ टेबलावरचा, रंगवलेले चिमुकले सैनिक आणि फासे घेऊन खेळायचा. पुढे त्याच्याभोवती शेकडो कादंबऱ्या उभ्या राहिल्या. त्या कादंबऱ्यांतून चॅप्टरचा इतिहास कळतो, झेंडे कळतात, कुठल्या वीराने कुठे देह ठेवला तेही कळतं. मला मात्र त्या हजारांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचं कुतूहल जास्त आहे. हजार माणसं म्हणजे आपल्याकडचं एखादं लहानसं खेडं. या खेड्यातला प्रत्येक जण लढवय्या असेल, तर पीठ कोण दळतं?

कथेत याचं थोडंसं उत्तर आहे. चॅप्टरच्या किल्ल्यात सर्फ असतात. हे साधे माणूस-नोकर, त्यातले बरेचसे योद्धा व्हायला आलेले आणि परीक्षेत नापास झालेले. सर्व्हिटर असतात, म्हणजे मेंदू पुसून यंत्राला जोडलेली माणसं. मंगळावर शिकून आलेले टेकमरीन यंत्रं सांभाळतात, अपोथेकरी जखमा सांभाळतात. पण एकूण किती जण, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. तो मांडता येतो, आणि मांडायला लागलं की फार सुंदर गोष्टी हाती लागतात.

सुरुवात खऱ्या इतिहासापासून करू, कारण लढवय्यांचे पंथ पृथ्वीवर खरोखर होऊन गेले. धर्मयुद्धांच्या काळातले टेम्पलर हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. आजच्या इस्राएलच्या उत्तरेला, गॅलिलीच्या डोंगराळ भागात त्यांचा साफेद नावाचा किल्ला होता. १२४० पासून तो नव्याने बांधला गेला, आणि त्या बांधकामाचं एक वर्णन त्याच काळात लिहिलं गेलं. ते वाचताना मी अक्षरशः थरारलो, कारण त्यात शिबंदीचा तपशील दिला आहे. शांततेच्या काळात किल्ल्यावर रोज १,७०० माणसं जेवत, युद्धाच्या काळात २,२००. त्यातले सरदार किती? पन्नास! त्यांच्या खालोखाल पंथातले तीस घोडेस्वार सेवक, मग स्थानिक भरतीचे पन्नास हलके स्वार आणि तीनशे धनुर्धारी. बाकीचे ८२० कामकरी आणि कारभारी, आणि ४०० गुलाम. दरसाल बारा हजारांहून अधिक खेचरांचं ओझं भरेल इतकं सातू आणि धान्य किल्ल्यावर चढवावं लागे. खेचर साधारण क्विंटलभर वाहतं असं धरलं, तर हे बाराशे टन होतात. किल्ल्याच्या अमलाखाली २६० हून अधिक गावं होती असंही तो लेखक नोंदवतो.

म्हणजे पांढरा झगा घातलेल्या एका सरदारामागे किल्ल्यातच तेहतीस माणसं, गावं वेगळीच. हे प्रमाण चॅप्टरला लावलं तर हजार योद्ध्यांच्या किल्ल्यात तेहतीस-चौतीस हजार वस्ती हवी.

प्रमाण काळाप्रमाणे आणि हत्यारांप्रमाणे बदलतं हे खरं. इसवी सन पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणांगणावर पाच हजार स्पार्टन उतरले, आणि हेरोडोटस सांगतो की प्रत्येकाबरोबर सात हेलॉट होते. हेलॉट म्हणजे स्पार्टाने अंकित केलेली, शेतात राबणारी प्रजा. ही फक्त रणांगणावरची संख्या. घरी नांगर धरणारे हेलॉट तिच्यात धरलेले नाहीत. आणि आजच्या काळात यायचं तर विमानवाहू जहाज पाहावं. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या आपल्या ‘आयएनएस विक्रांत’वर सुमारे तीस विमानं आणि हेलिकॉप्टरं राहू शकतात, माणसं मात्र सोळाशेच्या घरात. अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू जहाजांवर पाच हजारांच्या आसपास माणसं असतात आणि विमानं साठ-सत्तर. तिथल्या डेकवर कामाप्रमाणे जर्सीचा रंग ठरलेला असतो. इंधन भरणारे जांभळ्या, दारूगोळा चढवणारे लाल, विमानांना वाट दाखवणारे पिवळ्या रंगात. उड्डाणं सुरू होण्याआधी सगळे खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात आणि डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत सावकाश चालत जातात. एखादा सुटलेला स्क्रू, तारेचा तुकडा, खडा, जे दिसेल ते उचलायचं. तो खडा इंजिनात ओढला गेला तर विमान गेलं. कोट्यवधींचं विमान आणि त्याचा वैमानिक अशा वाकून चालणाऱ्या माणसांच्या नजरेवर उडतो.

आता स्पेस मरीनाकडे जवळून पाहू. हा सात-आठ फुटी माणूस. त्याच्या शरीरात जुन्या पद्धतीप्रमाणे एकोणीस जादा अवयव रोवलेले असतात. त्वचेखालचा काळा कवच-पडदा त्यातला शेवटचा, आणि त्याच्यातूनच चिलखत मज्जातंतूंना जोडलं जातं. असं चिलखत एकट्याने अंगावर चढवता येत नाही. दंडाचा पत्रा, मांडीचा पत्रा, पाठीवरचा ऊर्जासंच असं एकेक अंग ठरलेल्या क्रमाने बसवावं लागतं, आणि प्रत्येक जोड तपासावी लागते. लढाईनंतर तेच उलट्या क्रमाने. मग पोचे काढणं, चिरा बुजवणं, रंग देणं, खांद्यावरची खूण पुन्हा रेखणं. एका चिलखतामागे चार-पाच कारागीर कायमचे धरले तर ते मुळीच जास्त होणार नाहीत.

त्याची बंदूक आणखी खादाड. बोल्टरची गोळी साधारण १९ मिलिमीटर व्यासाची, आणि ती गोळी म्हणजे एक छोटं रॉकेटच असतं. तिच्यात स्वतःचं इंधन आहे, शत्रूच्या अंगात शिरल्यावर फुटणारी स्फोटक कळ आहे, वर कठीण टोक आहे. एका योद्ध्याने दिवसाला तीनशे गोळ्या झाडल्या असं मानू. शंभरांची एक कंपनी दिवसाला तीस हजार रॉकेटं संपवते. ती कुणीतरी ओतलेली, भरलेली, मोजलेली, पेटीत रचलेली असतात. महिनाभराच्या मोहिमेला एका कंपनीपायी नऊ लाख.

इतक्या माणसांची भरती कुठून होते, हा मला या सगळ्यातला सर्वांत रसाळ प्रश्न वाटतो. कथेने एक अट घालून ठेवली आहे. अवयव शरीराबरोबर वाढायला हवेत, म्हणून उमेदवार वयात येण्याच्या सुमाराचा मुलगाच लागतो, दहा ते चौदा वर्षांचा. आणि परीक्षा इतकी भयंकर की बहुतेक जण गळतात. इथून पुढचे आकडे माझे, नुसते अंदाजाचे, पण त्यातून काय निघतं ते पाहा.

समजा, चॅप्टरचे वर्षाला पन्नास योद्धे मरतात, म्हणून पन्नास नवे हवेत. शंभरात एक मुलगा शेवटपर्यंत टिकतो असं धरलं, तर दरसाल पाच हजार मुलं परीक्षेला उतरली पाहिजेत. त्यातली निम्मी मरतात असं मानू. विश्वच तसं क्रूर आहे. उरली सुमारे अडीच हजार मुलं, नापास झालेली, चॅप्टरची रहस्यं पाहिलेली, घरी परत न जाऊ शकणारी. कथा म्हणते की हेच सर्फ होतात. प्रत्येकाने तीस वर्षं काम केलं, तर कोणत्याही क्षणी किल्ल्यात पंचाहत्तर हजारांच्या आसपास सर्फ असतील.

साफेदच्या प्रमाणातून तेहतीस-चौतीस हजार आले होते. दोन्ही वाटा अगदी वेगळ्या, एक तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या शिबंदीतून आलेली, दुसरी काल्पनिक पोरांच्या परीक्षेतून. तरी उत्तरं एकमेकांच्या दुपटीच्या आसपास पडतात. हे जुळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. योद्धे निवडण्याची गाळणी स्वतःच सेवक तयार करते, आणि जवळजवळ हवे तेवढेच करते.

आता ती पाच हजार मुलं कुठून आली, तेही पाहू. वीस मुलांतला एखादाच परीक्षेला पाठवण्याइतका दणकट असेल, तर त्या वयाची एक लाख मुलं त्या वर्षी ग्रहावर हवीत. औषधोपचार तोकडे असलेल्या जुन्या समाजात बारा वर्षांपर्यंत दहातली सातच मुलं जगतात असं धरू. म्हणजे त्या वर्षी १,४०,००० मुलगे जन्मले होते, आणि मुली धरून २,८०,००० बाळं. दर हजारी पस्तीस जन्म असतील, तर लोकसंख्या होते ऐंशी लाख.

हजारांमागे ऐंशी लाख. त्यात शेतकरी सर्वांत जास्त, कारण यंत्रं नसलेल्या शेतीत नऊ-दहा कुटुंबं राबली की एका बिनशेतकरी कुटुंबाचं पोट भरतं. शिवाय रोज पावणेआठशेच्या आसपास बाळं जन्मणार. एक सुईण वर्षाला शंभर बाळंतपणं करते असं म्हटलं, तर सुईणी लागतात अठ्ठावीसशे, योद्ध्यांच्या जवळजवळ तिप्पट. खेळाच्या कुठल्याही खोक्यात सुईणीची मूर्ती मी पाहिलेली नाही. पण त्या नसतील तर पुढच्या पिढीत चॅप्टरही नाही.

रसद तुटली की काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते, आणि पराभवाचं खापर आजही सर्रास बुणग्यांवर फोडलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. त्या छावणीत चारा आणणारे, नालबंद, भिश्ती, वाणी, पालं ठोकणारेही होते, आणि त्यांच्यावाचून घोडदळ आठवडाभरही उभं राहिलं नसतं. डिसेंबर १७६० मध्ये दुआबातून रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्याची वाट आणखी आवळली गेली. १४ जानेवारीला सैन्य उपाशीपोटी मैदानात उतरलं. भाऊसाहेबांच्या तोफा शाबूत होत्या, तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता, तुटली होती ती भाकरीची साखळी. चॅप्टरच्या ग्रहाला शत्रूने वेढा घातला, तर पहिला घाव किल्ल्यावर न पडता शेतांवर पडेल, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत मावत नाही, ती म्हणजे काळ. स्पेस मरीन शेकडो वर्षं जगतो. ब्लड एंजल्स चॅप्टरचा प्रमुख दांते हजार वर्षांहून अधिक जगलेला आहे. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर त्याचं चिलखत घासणाऱ्यांच्या चाळीस पिढ्या होऊन गेल्या असतील. सर्फांची तिथे घराणी होत असतील का? कथा काही चॅप्टरांबाबत तसं सुचवते. बापाने मुलाला डाव्या गुडघ्याची जोड थंडीत अडकते हे सांगायचं, त्याने आपल्या मुलाला. चिलखताच्या खोडी त्या घराण्याला माहीत, आणि पणजोबांनी ज्याची सेवा केली तोच धनी अजून समोर उभा. असं नातं पृथ्वीवर कुठेच नव्हतं. विज्ञानकथेने उभं केलेलं खरोखर नवं काही असेल, तर ते मला इथे दिसतं. एखाद्या लेखकाने केवळ या घराण्यावर कादंबरी लिहावी, मी ती रात्र जागून वाचेन.

शेवटी एक चॅप्टर असा, की ज्याने माझा सगळा हिशेब विसकटावा. ब्लॅक टेम्पलर्स. त्यांना स्वतःचा असा ग्रहच नाही. ते ताफ्यातून अखंड मोहिमेवर असतात. ऐंशी लाख माणसं जहाजांत भरता येणार नाहीत, मग मुलं कुठून? कथेतलं उत्तर असं की जिंकलेल्या ग्रहांवर ते आपली ठाणी ठेवतात आणि तिथून भरती करतात. खरे टेम्पलर नेमकं हेच करत. फ्रान्स, इंग्लंड, स्पेनमध्ये त्यांची शेतीवाडीची ठाणी होती, आणि तिथलं उत्पन्न आणि माणसं समुद्रापार पूर्वेला जात. एका ग्रहाऐवजी वीस ग्रह धरले, तर प्रत्येकाकडून वर्षाला अडीचशे मुलं पुरतात, आणि चार लाखांची वस्तीसुद्धा तो भार उचलू शकते. जहाजावर काम करणारे खलाशी मात्र उरतातच. त्यांची लग्नं, बाळंतपणं, शाळा हे सगळं ताऱ्यांमधल्या प्रवासातच होत असणार. एका जहाजावर दहा हजार खलाशी आणि त्यांची कुटुंबं असतील, तर त्याच दराने तिथे दररोज निदान एक बाळ जन्मतं. त्यासाठी दोन पाळ्यांच्या सुईणी, दूध, लंगोट आणि गरम पाणी लागतं, आणि हे सगळं दारूगोळ्याच्या कोठारांमधून उरलेल्या जागेत बसवावं लागतं.